मोत्यासारखी ज्वारी आणि दोन बॅटऱ्या

माझ्या मते बॅटरी ही लावायची वस्तू नसून जपायची वस्तू आहे. हे मत मी अजून बदललेलं नाही. फक्त आता ते विहीणबाईंसमोर बोलून दाखवत नाही, एवढंच!

(बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्या सोलापुरात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत घालतात त्याला सेल. पुण्यात राहणारा माझा मुलगा महेश यावर हसतो. हसू दे.)

तर आमच्या घरात बॅटऱ्या दोन. एक माझी, मंगळवारच्या बाजारातली, शंभर रुपयांची. लाल प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी. बटण दाबलं की ती लागत नाही. तळहातावर दोन थपडा दिल्या की लागते, तिसरी दिली की विझते. कुठं थांबायचं हे कळायला मला महिना लागला, पण नवऱ्याच्या बाबतीत तर चाळीस वर्षं लागली, त्यामानानं बॅटरी शहाणी!

दुसरी महेशनं पाठवलेली. अडीच हजारांची! बोटापेक्षा थोडी जाड, काळ्या धातूची. पाण्यात पडली तरी चालते, गच्चीवरून पडली तरी चालते, वायर लावून चार्ज होते. एकाच बटणात चार तऱ्हेचे उजेड. चौथा तर वरातीतल्यासारखा लुकलुकतो. ती आली त्या दिवशी आम्ही लावून बघितली. उजेड पडला, पण धुरकट. कापसातून गाळून आल्यासारखा.

"एवढे पैसे घालून हाच उजेड व्हय?" मी म्हणाले.

"अगं, महागाचा उजेड असाच असतो. मुलायम!" आमचे हे म्हणाले. "डोळ्याला टोचत नाही."

हे सूतगिरणीच्या स्टोअरमधून रिटायर झालेत. वस्तू महाग असली की तिचा दोषसुद्धा ह्यांना गुण वाटतो. मी वाद घातला नाही. ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्याची एक खोळ शिवली, नाडी ओवली, बॅटरी आत घातली, दोन गाठी मारल्या आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. वस्तू नवी राहिली पाहिजे की! आमच्या सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून आहे. उन्हाळ्यात पाहुणा त्यावरनं उठला की काहीतरी फाटल्यासारखा आवाज येतो, पण सोफा बघा, आज आणल्यासारखा.

मग रोजच्या वापराला माझी शंभराचीच. पलंगाखाली ती, पाण्याच्या टाकीत डोकवायला ती, ह्यांच्या घशात बघायला ती. आठ महिने मी ह्यांना येता-जाता ऐकवत होते, "बघा, शंभराची राबतीय आणि अडीच हजाराची झोपलीय!"

अशात एक दिवस अक्कलकोटहून विहीणबाई आल्या. म्हणजे आमच्या मीनाच्या सासूबाई. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि दोन्ही मिळून थोडंच. पण जे बोलतील ते वर्षभर पुरतं. सकाळी बाजारात खरेदी करून जेवायला आमच्याकडं आलेल्या. साडेचारच्या गाडीनं परत जायचं होतं, संध्याकाळी त्यांच्या पुतणीचा साखरपुडा. कानात खास ठेवणीतल्या मोत्यांच्या कुड्या. त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेल्या!

लाईट सकाळपासून गेलेली. जेवणं झाली. विहीणबाईंनी दोन कडक भाकरी खाल्ल्या, आणि मला चढलं.

"यंदाची ज्वारी बघाच की विहीणबाई! नुसते मोती!"

स्वयंपाकघरामागं आमची एक अंधारी खोली आहे, तिथं पत्र्याची ज्वारीची कोठी. छातीएवढी उंच. विहीणबाईंनी आत डोकं घातलं, कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर ज्वारी काढून दोन दाणे दाताखाली धरले.

"चांगली हाय," म्हणाल्या आणि डोकं वर काढलं. डावा कान रिकामा!

"अव्वा! माझी कुडी!"

फिरकी सैल झाली होती म्हणे. मोत्यासारख्या ज्वारीत मोत्यांची कुडी. काय सांगू तुम्हाला! मला मीना दिसायला लागली. जन्मभर भाकरी थापताना तिला ऐकावं लागणार, 'तुझ्या आईच्या कोठीत आमची कुडी गेली.'

खरं तर कुडी तेव्हा वरच्या वरच असणार. पण मी घाबरले आणि दोन्ही हात घालून ज्वारी अशी ढवळली, अशी ढवळली, की वरची खाली आणि खालची वर. कुडी गेली पाताळात.

"ढवळू नका ओ!" विहीणबाई ओरडल्या. ढवळून झालं होतं.

"बॅटरी आणा, बॅटरी!" हे म्हणाले. (माझा मोबाईल सकाळपासून भजनं ऐकवून मेला होता, आणि ह्यांच्या बटणाच्या मोबाईलमधली उजेडाची बॅटरी कधीच गेलेली. तो नुसता बोलतो.)

मी ऐटीत माझी लाल बॅटरी आणली. कोठीत वाकले, तळहातावर एक थप्पड दिली, दुसरी दिली. लागली! पिवळा, प्रेमळ उजेड. पण त्यात ज्वारी हरभऱ्याच्या डाळीसारखी दिसायला लागली. जरा जोर यावा म्हणून मी घाईत तिसरी थप्पड दिली. आणि बॅटरीचं बूड निघालं! दोन सेल, एक झाकण, एक स्प्रिंग, सगळे एकापाठोपाठ एक ज्वारीत.

विहीणबाईंनी कोठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अजून काय टाकायचं हाय का?"

हे तर या क्षणाची आठ महिने वाट बघत होते. "शंभराची राबतीय, व्हय? काढ आता माझी अडीच हजाराची!"

मी कपाट उघडलं, साड्या उपसल्या, खोळ काढली. माझ्याच हातच्या दोन गाठी मला सुटेनात! ह्यांनी दात लावले. ह्यांचे दात गाठीपेक्षा सैल निघाले. शेवटी विहीणबाईंनी डोक्यातला आकडा काढून गाठ सोडवली. साडेतीन वाजत आले होते.

ह्यांनी बॅटरी दोन बोटांत धरली, आरतीसारखी कोठीवर नेली आणि बटण दाबलं. धुरकट. तोच कापसातला उजेड!

"बेळकुच न्हाय की ओ ह्याला!" विहीणबाई म्हणाल्या. (त्यांच्याकडं उजेडाला बेळकु म्हणतात.)

खरं सांगते, त्या क्षणी मी कुडी विसरले. मीनाला विसरले. एवढा आनंद मला पोरांच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता!

"मुलायम! घ्या मुलायम! अडीच हजाराचा काजवा आणलाय माझ्या लेकानं! लावा त्याला फोन!"

ह्यांनी फोन लावला. मी हिसकावून घेतला. "महेश, तुला फसवलंय बघ दुकानदारानं! काही दिसत नाही तुझ्या बॅटरीत!"

"आई," महेश शांतपणे म्हणाला, "काचेवरचं प्लास्टिक काढलंस का?"

"कुठलं प्लास्टिक?"

"दुधी रंगाचं. चरे पडू नयेत म्हणून लावलेलं असतं ते."

"ते होय? ते कशाला काढू? नवी राहते की!"

विहीणबाईंनी ह्यांच्या हातातली बॅटरी घेतली, नख लावलं आणि चर्रकन ते प्लास्टिक सोललं. हे बघायला वाकले होते. बटण दाबलं गेलं.

"आई गं!" हे भिंतीला टेकले. पुढची दहा मिनिटं ह्यांना सगळीकडं जांभळे चेंडू दिसत होते. एक चेंडू मीच होते म्हणे!

उजेड मात्र काय सांगावा! अंधाऱ्या खोलीत दुपार झाली. कोळ्याची जाळीसुद्धा मोजता येतील इतकी स्पष्ट. (विहीणबाईंनी मोजली असावीत.) आम्ही दोघी कोठीत वाकलो. आणि त्या लखलखीत उजेडात ज्वारीचा दाणा न् दाणा चमकायला लागला. जिकडं बघावं तिकडं मोती! लाखो मोती! त्यात कुडी कुठली आणि ज्वारी कुठली?

"ही सापडली!" मी ओरडले. ज्वारी. "ही बघा!" ज्वारी. "आता नक्की!" स्प्रिंग.

पावणेचार झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाईंनी बॅटरी बंद केली, पदर खोचला आणि दाराकडं हात केला.

"बाहेर एवढं ऊन हाय की ओ! चादर टाका अंगणात."

चैत्रातलं सोलापूरचं ऊन! पत्रा तापून भाकरी भाजावी असं! आणि आम्ही तीन म्हातारी माणसं भर दुपारी अंधाऱ्या खोलीत बॅटऱ्यांची परीक्षा घेत बसलेलो. चादर टाकली, घमेल्यानं ज्वारी आणून ओतली, पसरली. पाचव्या घमेल्यात कुडी! मोत्यांमधलं सोनं त्या उन्हात असं पिवळंधमक झळकलं, की चष्म्याशिवाय दिसलं. मागोमाग दोन सेल निघाले, झाकण निघालं, आणि शेजारच्या काकूंनी ढापलं असं मी दोन वर्षं गल्लीभर सांगत होते ते पितळेचं मापही निघालं. तेवढं मी पदराखाली घेतलं.

विहीणबाईंनी कुडी घातली, फिरकी घट्ट केली. रिक्षात बसताना माझा हात धरून म्हणाल्या, "ज्वारी मात्र खरंच मोत्यासारखी हाय." आणि मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. गाडी मिळाली, साखरपुडा झाला. मीना सांगते, साखरपुड्यात नवरा-नवरीपेक्षा माझंच नाव जास्त निघालं.

तेव्हापासून मी महेशची बॅटरी रोजच्या वापराला काढली आहे. खोळ नाही, गाठी नाहीत. परवा ह्यांनी ती लावली आणि दचकलेच.

"अगं, ही पुन्हा धुरकट कशी झाली?"

"काही नाही, ते सोललेलं प्लास्टिक कोपऱ्यात पडलं होतं. पुसून परत बसवलंय. महागाचा उजेड असाच असतो, मुलायम!"

आणि काही हरवलंच, तर अंगणात ऊन आहे की. त्याला प्लास्टिक लावायला माझा हात अजून पुरलेला नाही!