हुसेनचाचांचा हात

गोळी सुटली की सगळे लक्ष्याकडे बघत. हुसेनचाचा बघत नसत. ते आधी बंदुकीच्या नळीवर उलटा तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणत, "थांब. अजून ताप उतरला नाय." त्यांच्याबरोबर पहिल्यांदा रेंजवर गेलो तेव्हा तीन गोळ्या झाडायला आम्हाला पाऊण तास लागला. मी वैतागून घड्याळ बघत होतो. ते म्हणाले, "गौतम, जनावर तुला दुसरी गोळी मारू देणार हाय का? शिकारीच्या बंदुकीची परीक्षा थंड नळीच्या पहिल्या गोळीला. बाकी सगळा फटाक्यांचा खेळ."

चाचा दाभोळच्या खाडीकाठचे, कोकणी मुसलमान. मी अकोल्याचा, बौद्ध. बहारीनमध्ये तुबलीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये आम्ही होतो तिथे पुढे लेथची कामं चालत आणि मागच्या खोलीत परवाना असलेल्या शिकारी बंदुकांची दुरुस्ती. त्या खोलीत आम्ही दोघंच. मॅनेजरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी एकटा चाचा म्हणायचो. माझा डबा उघडला की ते वाकून बघत आणि म्हणत, "तुम्ही अकोल्याची माणसं भाजीत तिखट घालता, की तिखटात भाजी?" आणि माझ्यासाठी आणलेला तळलेल्या मासळीचा तुकडा झाकणात ठेवत. नऊ वर्षं मी तो खाल्ला.

बू राशिद नावाचे एक वयस्क बहारीनी गृहस्थ नवव्या वर्षी हिवाळ्यात आपल्या वडिलांची रायफल घेऊन आले. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून परत वर घेतली की नवं काडतूस भरलं जातं, अशी जुनी शिकारी बंदूक. दरवर्षी ते परदेशात शिकारीला जात, पण वडिलांची बंदूक नेमकी लागत नाही म्हणून दुसरीच नेत. पन्नास मीटरवर तिच्या तीन गोळ्या बशीभर पसरायच्या. "नळी बदलायची का?" मी विचारलं. चाचा हसले. "सुधारायची म्हणजे तिला नवीन काय द्यायचं नाय. तिला कोण कुठं दाबतंय ते बघायचं."

मग पाच आठवडे ते तेच बघत होते. नळीखालचं लाकूड नळीला एका बाजूने रेटत होतं, तिथून त्यांनी कागदाच्या जाडीएवढं लाकूड काढलं. काडतुसांची लांब नळी मुख्य नळीला बांधणारी पट्टी गच्च आवळलेली होती. नळी तापली की तिला फुलायला जागाच नव्हती. ती पट्टी त्यांनी घासून जेमतेम सैल केली. चापाचा खरखरीतपणा काढला. शेवटी नळीच्या तोंडाची झिजलेली कडा हाताने नव्याने कापली. गोळी नळीतून निघताना तिला शेवटचा स्पर्श त्या कडेचा होतो. कडा एका बाजूला केसभर जरी दुखावली तरी गोळी वाकडी जाते. तेव्हा चाचा चौसष्टचे होते. डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. कडा कापताना ते डोळे मिटूनच घेत. "इथं डोळ्यांचं काम नाय. बोटाला समजतं."

गुरुवारी सकाळी आम्ही रेंजवर गेलो. तीन गोळ्यांची भोकं शंभर फिल्सच्या, आपल्या रुपयाएवढ्या नाण्याखाली झाकली गेली. चाचांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि जुम्याला घरी फोनवर दाखवीन म्हणाले.

आता जे सांगायचं ते सांगतो.

परत आल्यावर बंदूक साफ करून बंद करायची होती. इतर बंदुका मागच्या बाजूने साफ करता येतात. या जातीच्या बंदुकीत मागे वाट नसते, गज तोंडाकडूनच आत घालावा लागतो. म्हणून चाचांनी पितळेची एक टोपी बनवली होती. ती तोंडावर बसवायची आणि तिच्या भोकातून गज घालायचा, म्हणजे पोलाद कडेला लागत नाही. टोपीशिवाय गज घालायचा नाही, हा त्या खोलीतला एकमेव कायदा होता. चाचा असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाला गेले होते. टोपी सापडेना. संध्याकाळी नईम भागातल्या हॉलमध्ये आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम होती आणि मी सूत्रसंचालक. तिथून दोन फोन येऊन गेले होते. मी टोपीशिवायच गज घातला. परत ओढताना गजाचा जोड कडेला अडकला. मी जोर लावला. खर्र असा आवाज आला. मी फडक्याने तोंड पुसलं, बंदूक पेटीत ठेवली आणि टॅक्सी पकडली.

दुसऱ्या आठवड्यात बू राशिद दोन पाहुण्यांना घेऊन रेंजवर आले. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिली गोळी वीतभर डावीकडे गेली. चाचांनी नळीवर हात ठेवला, थांबले. दुसरी खाली गेली. तिसरी कागदालाच लागली नाही. एक पाहुणा हसला. "शिनू हाज़ा, उस्ताद?" बू राशिदनी विचारलं. हे काय, एवढंच. आवाजही चढवला नाही. चाचा बंदूक पेटीत ठेवू लागले.

वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी नळीच्या तोंडावर कापूस फिरवला. एका जागी तंतू अडकले. भिंग लावून ते बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "गौतम, मना नीट दिसत नाय. तू बघ. कडा दुखावलीय काय?"

मी बघितलं. ताजी, चकचकीत खोच होती.

"हो चाचा. थोडी."

"साफ करताना टोपी घातली होतीस ना?"

"घातली होती."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांना शंकाच आली नाही. आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "म्हणजे कापतानाच माझं हत्यार हललं. गुरुवारी नशिबाने लागल्या तीन गोळ्या."

त्याच महिन्यात माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता आणि मुलीचं दहावीचं वर्ष होतं. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता ती मलाच दुसऱ्या कुणाची वाटतात.

मी म्हणालो, "चाचा, परत कापू या की." ते म्हणाले, "या हाताने? नाय." बंदूक दुसऱ्या कारागिराकडे पाठवा, असं त्यांनीच मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "उस्ताद, एक ग़लती से क्या होता है?" पण थांबा असं काही तो म्हणाला नाही. चाचांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी मॅनेजरला सांगितलं, "मेरी जगह गौतम को दो. उसका हाथ साफ़ है." मी खाली बघून उभा होतो. त्यांना वाटलं, मी रडतोय.

त्यांची जागा मला मिळाली. दर शुक्रवारी आम्ही काही कुटुंबं वंदनेला जमतो. पंचशील म्हणताना तीन शीलं माझ्या तोंडून निघतात. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी नुसते ओठ हलवून म्हणतो. खोलीत एकटा असलो की तो खर्र आवाज येतो. लेथ बंद असते, मी उठून बघून येतो.

मागच्या महिन्यात त्यांच्या गावाकडच्या कुणीतरी सांगितलं की चाचा वारले. मी चाचींना फोन केला. त्यांना मी फक्त आवाजाने माहीत होतो.

"काय सांगू बाला," चाची म्हणाल्या. "दोन वर्षं माणूस नुसता ओटीवर बसून होता. पाण्याचा पंप बंद पडला तरी हात लावला नाय. नातवाच्या सायकलची चेन पडली, तर त्याला म्हणाले, दुसऱ्याकडे ने, माझा हात खोटा झालाय. मी म्हटलं, असं कसं, येवढी वर्षं केलंत. तर म्हणायचे, गौतमला विचार, त्याने बघितलंय." मग मलाच विचारलं, "खरंच येवढं बिघडलं होतं त्यांचं?"

"नाही चाची," मी म्हणालो. "त्यांचं काम नीट होतं. बंदूक मी बिघडवली. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या नाहीत.

"मग त्यांना का नाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "फोन तर इथंच होता, त्यांच्या उशाशी."

त्यांनी फोन ठेवला नाही. त्या उत्तरासाठी थांबून राहिल्या. शेवटी मीच ठेवला.