केळीच्या चेंबरमध्ये चेलो

"मामा, माझा चेलो कुठाय?"

"चेंबरमध्ये. मस्त थंडा. टेन्शन मत ले."

मी पळतच सुटले. मे महिना, बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपुरातलं मामांचं घर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माझं ऑनलाइन ऑडिशन. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात चेलोची एकच जागा होती. तिच्यासाठी मी दोन वर्षं लग्नांच्या रिसेप्शनमध्ये वाजवत दिवस काढले होते.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. उन्हाने त्याचं लाकूड तडकतं, हे मीच घरात शंभरदा ऐकवलं होतं. म्हणून दुपारी माझा डोळा लागल्यावर मामांनी तो उघडाच त्यांच्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये नेऊन ठेवला. तिथे थंडावा असतो, पण केळी सुकू नयेत म्हणून पाण्याचे बारीक फवारेही चालू असतात. चेलोचे जोड सरसाने चिकटवतात, आणि सरस ओलीने सुटतो. पाठीची फळी कडेपासून वीतभर उघडली होती. वाजवलं की नुसता खडखडाट!

"एवढंच ना?" मामा पांढरा गोंद घेऊन आले. "एकदम पक्कं करून टाकतो."

"हात लावू नका!" मी केवढ्याने ओरडले. गोंदाने पक्कं केलं की पुढच्या वेळी जोड सुटत नाही, लाकूडच फाटतं.

मामांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी गाडी काढली. बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात, पेटी दुरुस्त करणारे जगन मिस्त्री होते. त्यांच्याकडे सरस निघाला.

"हे तर पहिल्यांदाच पाहतोय," ते म्हणाले. "पण लकडी तर लकडीच ना! फक्त उद्या सकाळपर्यंत वाजवायचं नाही."

"अहो, पण माझी प्रॅक्टिस?"

"प्रॅक्टिस पाहिजे का बाजा पाहिजे?"

त्यांनी फटीत गरम सरस भरला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. संध्याकाळी मी लाटण्यावर बोटं फिरवत बसले.

सकाळी पट्ट्या सोडल्या. जोड घट्ट. ऑडिशनमध्ये एक सूर घसरला, बाकी छान गेलं.

चार दिवसांनी निवडीचा मेल आला. वाचून दाखवला तर मामा ओट्यावर बसून चक्क रडायला लागले. "चार दिवस घास उतरला नाही गं, बेटा."

मला फार वाईट वाटलं. "मामा, चूक माझी. ऊन नको म्हणाले, ओल नको म्हणालेच नाही."

मामांनी डोळे पुसले. "मग एवढी बोंबलली कशाला?"

तेव्हापासून चेलोच्या केसवर चिठ्ठी असते: ऊन नको, ओल नको.