पानाच्या तळाचा ठिपका

एका मुलीचा फोटो तिला न विचारता चारचौघांत गेला, तो माझ्यामुळे. कसा गेला असं विचारलं गेलं तेव्हा मी दोष तिच्यावर ढकलला. पहिली चूक अज्ञानातून झाली असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो, आणि ते बरंचसं खरंही आहे. दुसरीला असा काही आधार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत एसटी स्टँडजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सकाळी क्लास आणि दुपारनंतर एका मशीनवर इंटरनेट. इंटरनेट म्हणजे टेलिफोनची तार आणि तिला जोडलेला मोडेम. तो आधी किंचाळायचा, मग घरघरायचा आणि गप्प बसला की जोडणी झाली असं समजायचं. गावात वेबसाइट बनवू शकणारे माझ्याशिवाय फार कुणी नव्हते. मला याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

इंदापूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या समाजातली लग्नं जुळवायच्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. आमच्या बौद्ध घरांत पत्रिका बघत नाहीत. बघायचं ते शिक्षण, नोकरी, घरची माणसं आणि फोटो. त्यात बाईंचा क्रम ठरलेला होता. आधी माहितीचा कागद. तो वाचून दोन्हीकडून होकार आला तरच फोटो. फोटो त्या कुलपाच्या कपाटात ठेवत, प्रत्येकाच्या मागे स्वतःची सही करत, आणि ज्या घरी दिला त्या घरून तो परत आला की सही तपासून पुन्हा आत ठेवत. फोटो परत न देणाऱ्या घराला त्या दुसरं स्थळ सुचवत नसत.

"फोटो आधी दाखवला की माणसं वाचायची थांबतात," त्या म्हणत. "पोरगी बी.एस्सी. झालीय हे कुणाच्या लक्षातही राहत नाही."

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या मुलांना इंदापूरला यायला सवड नसे, म्हणून बाईंनी माझ्याकडून वेबसाइट करून घेतली. क्रम तोच ठेवायचा ही त्यांची एकच अट होती. पहिल्या पानावर मुलीची माहिती, नावाशिवाय. होकार कळवला की बाई फोनवरून एक शब्द सांगणार, तो टाकला की दुसऱ्या पानावर फोटो. मी तसं करून दिलं. अडचण फक्त वेगाची होती.

सुरुवातीच्या एका स्थळाच्या वेळी मुलाचे चुलते माझ्याकडे फोटो बघायला आले. इंदापूरकडचे वयस्कर गृहस्थ, त्यांना आबा म्हणत. बाई शेजारी बसल्या होत्या. मी शब्द टाकला आणि फोटो वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी उतरू लागला. आधी भांग आला. मग कपाळ. मग तार अडखळली आणि सगळं कपाळावरच थांबलं.

"पडदा सरकवायला आत कुणी हाय का न्हाय?" आबा म्हणाले.

"दम धरा, आबा. तुमच्या लग्नात बायकोचं तोंड कधी बघितलंत?"

"मांडवातनं घरी गेल्यावर."

"मग?"

"तवा येळ व्हता, बाई. आता चारची गाडी हाय."

हनुवटी यायच्या आत आबा उठले. ते स्थळ पुढे गेलं नाही. त्याला दुसरी कारणं असणार हे आज कळतं, पण तेव्हा मी ते माझ्या वेबसाइटचं अपयश धरलं.

पुण्यातल्या एका मित्राने मला तोडगा सांगितला. माणूस पहिलं पान वाचत असतो तेव्हा तार रिकामीच असते. त्या रिकाम्या वेळात पुढच्या पानावरचं चित्र गुपचूप आणून ठेवायचं. त्यासाठी ते चित्र पहिल्याच पानाच्या तळाशी टाकायचं, पण इतकं लहान करून की पडद्यावर नुसता एक ठिपका दिसेल. दिसायला ठिपका असला तरी चित्र पूर्ण उतरतं आणि कॉम्प्युटरच्या आत एका कप्प्यात जाऊन बसतं. दुसरं पान उघडलं की ते तारेवरून यायची गरज नाही, आतूनच निघतं. वेग वाढत नाही, वाढल्यासारखा वाटतो.

मी एका दुपारी सगळ्या मुलींच्या पानांवर तसे ठिपके टाकले. पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा शब्द टाकताच फोटो क्षणात उघडला. त्या खुर्चीत मागे सरकल्या.

"अरे, हे तर कपाटापेक्षा लवकर उघडलं!"

मग त्या पहिल्या पानावर परत गेल्या आणि वाचता वाचता तळाशी आल्या. तिथे पांढऱ्यावर एक तपकिरी ठिपका होता. त्यांनी पदराच्या टोकाने काच पुसली. ठिपका गेला नाही.

"माशी बसून गेली वाटतं."

"असू द्या, मी पुसतो नंतर," मी म्हणालो.

काय आहे ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जादू सांगितली की तिची किंमत जाते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. होकाराआधी फोटो द्यायचा नाही ही बाईंची अट त्या ठिपक्याने मोडली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. नुसती माहिती वाचून पुढे गेलेल्या प्रत्येक माणसाच्या कॉम्प्युटरात त्या मुलीचा फोटो जाऊन पडत होता, आणि तिथून तो सही तपासून परत आणणारं कुणी नव्हतं.

यादीतली एक मुलगी बारामतीतच होती. मूळची कोऱ्हाळे बुद्रुकची, वडील शेतकरी. एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. घरातली गाव सोडून नोकरीला आलेली ती पहिलीच. आपलं पान कसं दिसतं ते बघायला ती एकदा बाईंबरोबर क्लासवर आली. दुपारची वेळ होती, मशीन बंद होतं. मी ते सुरू केलं.

पडद्यावर तिचा चेहरा आला. पट्ट्या-पट्ट्यांनी नाही, एकदम, पडदाभर. कपाळावर, गालावर कॉम्प्युटरच्या फायलींची चिन्हं चिकटलेली होती.

आदल्या दिवशी खतांच्या कंपनीचा एक विक्रेता मेल बघायला येऊन बसला होता. तो नेहमीचा होता. रिकामा वेळ मिळाला की मशीनच्या कप्प्यांत डोकावायची त्याला खोड होती. तिथे त्याला हा फोटो मिळाला, आवडला, आणि त्याने तो पडद्यावर लावून टाकला. ही कुणाची कोण, हे त्याला ठाऊकही नव्हतं. अर्थात हे सगळं मला नंतर कळलं.

खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं. मग बाईंनी विचारलं, "हा इथे कसा?"

"काय कल्पना नाही," मी म्हणालो.

"हा फोटो माझ्या कपाटातून फक्त तुमच्याकडे आला होता."

"बाई, शब्द टाकल्याशिवाय आपला फोटो उघडतच नाही. इथून गेलेला नाही. यांनीच कुणाला तरी दिला असेल." हे मी पडद्याकडे बघत बोललो.

"मी?" ती म्हणाली. "मी कुणाला देऊ?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, पण शिक्षक ज्या नजरेने बघतात त्या नजरेने. ती पर्स उचलून जिना उतरून गेली.

संध्याकाळी मी तो कप्पा उघडला. सगळ्या मुलींचे फोटो तिथे ओळीने होते, ज्यांना एकाही घरून होकार आलेला नव्हता त्यांचेही. मला लगेच कळलं. मी कप्पा रिकामा केला, पानांवरचे ठिपके काढून टाकले आणि कुणाला काही बोललो नाही. दुपारी मी जे बोललो तो घाबरटपणा होता. संध्याकाळनंतर जे केलं त्याला खोटेपणाच म्हणावं लागेल.

गोष्ट इंदापूरला पोचली. बाई दर महिन्याला तिथल्या हॉलमध्ये वधू-वर मेळावा घ्यायच्या, तिथे बायकांत कुजबुज झाली. पुढचं मला खालच्या औषधवाल्याकडून कळलं.

"लॅबमधल्या सिस्टर दिसत नाहीत हल्ली?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बापानं खोली सोडायला लावली. कुणाला तरी फोटो दिला व्हता म्हणं. कोऱ्हाळ्यावरनं रोज येऊन सकाळची ड्युटी जमती व्हय? सुटली नोकरी."

"कुणाला दिला?"

"ते वर तुमच्याच क्लासात घडलं न्हवं? मला काय इचारताय?" तो हसला. मी पण हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

थोड्या दिवसांनी बाईंनी फोन केला. तिचं पान काढून टाका, म्हणाल्या. मी काढलं. पान काढायला काहीच वेळ लागत नाही. मग त्या म्हणाल्या, वेबसाइटवर सगळ्यात वर एक सूचना घाला: मुलींनी आपले फोटो परस्पर कुणालाही देऊ नयेत. मी ती ओळ टाइप केली, जाड अक्षरांत केली आणि चढवली. मग तपासायला पान उघडलं. चित्र नव्हतं, त्यामुळे ओळ लगेच आली. ती मी वाचली, पुन्हा वाचली आणि मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी कोऱ्हाळ्याला गेलो. तिचे वडील घरापुढे बसून कोयत्याला धार लावत होते. ऊसतोड सुरू होती. ती आतून पाणी घेऊन आली आणि मला बघून चौकटीतच थांबली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: ठिपका, तो पदराने पुसणाऱ्या बाई, कप्पा, विक्रेता. तिच्या वडिलांना त्यातलं अर्धंच कळलं असावं.

"म्हंजी?" त्यांनी तिला विचारलं.

"म्हणजे मी कुणाला दिला नव्हता, तात्या. यांच्या मशीननं वाटला." मग ती माझ्याकडे वळली. "बाई पदराने पुसत होत्या म्हणे, तो ठिपका. तो मीच होते का?"

"कदाचित तुम्ही. कदाचित दुसरं कुणी."

तात्यांनी कोयता खाली ठेवला. "मग तवाच का न्हाय बोलला?"

"घाबरलो, तात्या."

"आमी न्हाय व्हय घाबरलो?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने थांबवलं.

"इथं नको. इथं आम्हाला माहीतच होतं, मला तरी होतं. बोलणं मेळाव्यात झालं ना? तिथं माइकवरून सांगा. आणि माझं नाव घ्यायचं नाही. आधीच पुष्कळांनी घेतलंय."

"लॅबमध्ये मी बोलू का?" मी विचारलं.

"तिथं दुसरी मुलगी लागली," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून आत गेली.

तिथून मी बारामतीला न थांबता तसाच इंदापूरला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. ऐकून झाल्यावर त्या कपाटापाशी गेल्या, कुलूप ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं हे लावतेय ते कशासाठी?" मग म्हणाल्या, "रविवारी मेळाव्याला या. सगळ्यात आधी तुम्ही बोला."

रविवारी हॉल भरलेला होता. पुढे पुरुष, एका बाजूला मुली आणि त्यांच्या आया. तात्या आणि ती शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते. बाईंनी माझी ओळख करून दिली नाही, नुसता माइक हातात दिला. माझी तयारी फार झाली होती, ठिपका म्हणजे काय ते समजावून सांगायची, तंत्र नवीन होतं हे सांगायची. माइक हातात आल्यावर त्यातलं काही बोलावंसं वाटलं नाही. मी म्हणालो:

"मधे एका मुलीच्या फोटोवरून इथे बोलणं झालं. तो फोटो तिने कुणाला दिला नव्हता. माझी वेबसाइट लवकर उघडावी म्हणून मी तो कुणाला न विचारता लोकांच्या कॉम्प्युटरात नेऊन ठेवला. बाईंनी विचारलं तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवलं, आणि खरं कळल्यावरही गप्प बसलो. तिची नोकरी गेली, ती माझ्या गप्प बसण्याने. मी तिची माफी मागतो. तिच्या वडिलांची मागतो. आणि इथे ज्यांनी ज्यांनी विश्वासाने बाईंकडे फोटो दिले त्या सगळ्या मुलींची मागतो, कारण ते फोटो कुठे कुठे गेले ते मला माहीत नाही, आणि ते मला परत आणून देता येणार नाहीत."