तम्मुजनंतरचा महिना

आमची आई महिने मोजायची ते निसान, इयार, सिवान असे. रोह्यात आमच्या आळीत ज्यू घर आता आमचं एकच उरलंय, त्यामुळे सणवार विचारायला दुसरं दार नाही. आईच आमचं पंचांग. तम्मुज संपला की आब, आणि आबात बिरड्याचा सण, म्हणजे दिवसभर उपास करून रात्री वालाच्या बिरड्यावर तो सोडायचा. त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा गेले.

मी पेणला शाळेत शिकवते. एकदा कुठेसं वाचून आईपुढे ज्ञान पाजळलं, "ही नावं मुळात आपली नाहीतच. आपले लोक बाबिलोनमध्ये कैदेत होते ना, तिथली उचलली. त्याआधी बहुतेक नुसता पहिला महिना, दुसरा महिना. इराकात अजून जुलैला तम्मुजच म्हणतात."

आई वाल सोलत होती. "म्हंजे महिनेपण भाड्याचे? नि हा तम्मुज कोण?"

तिथला देव, मी म्हटलं. तो मेला म्हणून बायका दरवर्षी नव्याने रडायच्या.

"येड्या बायका," आई म्हणाली. "एकदा रडून पुरलं नाय?"

आता ती विसरते. बाबा गेले हेच विसरते. सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवून रडते, आणि संध्याकाळी पुन्हा विचारते, "कंपनीतून आले नाय अजून?" खरं बोलले तर मी तिला रडवते, नाही बोलले तर वाट बघायला लावते. काय करू? डॉक्टर म्हणतात, जपा. म्हणजे काय करायचं ते सांगत नाहीत. मला त्यांचा संताप येतो.

महिने मात्र तोंडपाठ. यंदा बाबांचा दिवस, त्यांच्या नावाने दिवा लावायचा, तोंडावर आला होता. तारीख आता मी मोबाइलवर बघते. भाजी निवडताना आईने सुरू केलं, "निसान, इयार, सिवान, तम्मुज..." आणि अडली.

"पुढला कोण गो?"

शब्द माझ्या ओठांवर होता. पण आब म्हटलं की तिला बिरडं आठवणार, बिरड्यामागून दिवा, दिव्यामागून बाबा.

"श्रावण," मी म्हणाले.

"व्हय, श्रावण!" ती खूश झाली आणि न अडखळता थेट फाल्गुनापर्यंत गेली.

त्या दिवशी बाबांचा दिवा मी गॅलरीत लावला, दार लोटून घेऊन. आत आई त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवत होती.