मावशींनी हात खिशात घातले तो दिवस

शाळेत त्यांना सगळेच मावशी म्हणत. मुलं म्हणत, शिक्षिका म्हणत, मुख्याध्यापिकाही म्हणत. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला साठीचा माणूससुद्धा "मावशी, जरा बाजूला व्हा" म्हणाला, तेव्हा मात्र त्यांनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्याने आकडा दोनदा चुकीचा लिहिला. मावशी तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या आणि अमुक माणसाने आपल्याला मावशी म्हटलेलं चालतं की नाही, हे त्यांचं त्याच ठरवत.

सरकारी शाळा. तळमजल्याच्या टोकाला आधारवर्ग, म्हणजे ज्या मुलांना शिकायला थोडा जास्त वेळ आणि थोडे जास्त हात लागतात त्यांची खोली. कमी उंचीचं बेसिन, भिंतीला मुलांच्या छातीपर्यंत येणाऱ्या खुंट्या, कोपऱ्यात जाड चटई आणि एक खिडकी, जिच्यातून मैदानाचा अर्धाच भाग दिसे. या खोलीत मावशी एकोणीस वर्षं मदतनीस होत्या. त्याआधी कपड्यांच्या कारखान्यात त्या काजं-बटणं करत. दिवसाला चारशे शर्ट त्यांच्या बोटांखालून जायचे. बोटांची ती सवय पुढे कधी सुटली नाही. समोर काही अडलं, की डोक्याच्या आधी हातच पुढे होत. घरीही तोच कारभार. नवऱ्याचा हात भाजीकडे वळायच्या आत वाटी पुढे सरकलेली असायची. तीस वर्षांच्या संसारात मिठाचा डबा कोणत्या फळीवर असतो, हे त्या सज्जन गृहस्थाला कळायची वेळच आली नव्हती.

वर्गात पाच मुलं होती. सगळी लाडकी, पण भिंगरी जरा जास्तच. जन्माच्या वेळी तिचा श्वास थोडा वेळ अडकला होता, त्यामुळे डावा हात आणि बोलणं मागे राहिलं. वय नऊ, शब्द दहा-बारा. नाकावर राग मात्र कायम तयार. चार पावलं चालली की एक गिरकी घेऊनच पाचवं पाऊल टाकायची, म्हणून मावशींनी ते नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. तिची आई एका पार्लरमध्ये केस कापायची. दिवसभर उभं राहून पाय सुजले तरी रोज सकाळी पोरीला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला स्वतः यायची.

प्रत्येक मुलाचा एक वार्षिक तक्ता असे. त्यात चाळीस कामं. दप्तर अडकवणं, नळ उघडणं, डबा उघडणं, पान उलटणं, रांगेत उभं राहणं, असं सगळं. पुढे तीन रकाने: स्वतः, मदतीने, अजून नाही. शिक्षिकेला पाच मुलांचं शिकवणं आणि कागदपत्रं यातून डोकं वर काढायला वेळ नसे, म्हणून खुणा मावशीच करत आणि शिक्षिका खाली सही करत. भिंगरीच्या तक्त्यावर तिसऱ्या वर्षाअखेर चाळीसपैकी एकतीस ठिकाणी "स्वतः" होतं.

आता मावशी खोटं लिहिणाऱ्यातल्या नव्हेत. कुणी तसं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला उभा सोलला असता. पण त्यांचा हिशोब असा होता: भिंगरी बेसिनपाशी पोचायच्या आत मावशींनी नळ अर्धा फेरा सैल केलेला असे. डब्याच्या झाकणाचा एक कोपरा आधीच उचललेला असे. चित्रकलेचा बटणांचा कोट घालायचा, तर मावशींचा अंगठा काज उघडं धरून तिथे हजर. मग बटण आत कुणी ढकललं? भिंगरीने. मग झालं की! काज धरणं याला काय मदत म्हणायचं? तोंडात घास घालणं म्हणजे मदत, अशी त्यांची व्याख्या होती. बाकीचं सगळं त्यांच्या हातांना इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण काही करतोय हे त्यांच्या ध्यानातही येत नसे.

परीक्षा संपल्यावर एका सकाळी भिंगरीची आई पत्र घेऊन आली. चेहरा असा फुललेला, की मावशींना वाटलं पार्लर हिच्या नावावर झालं. पत्र विभागाच्या कार्यालयातून आलं होतं. मुलगी चाळीसपैकी एकतीस कामं स्वतः करते, प्रगती उत्तम आहे, म्हणून पुढच्या वर्षापासून तिने पूर्ण वेळ वरच्या मजल्यावरच्या नेहमीच्या वर्गात बसावं. मदतनीसाची गरज राहिलेली नाही. आईने ते पत्र जावेला वाचून दाखवलं होतं, सासूला वाचून दाखवलं होतं आणि पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकून बसलेल्या एका अनोळखी बाईलाही ऐकवलं होतं.

मावशींनी पत्र वाचलं. वरचा वर्ग, चव्वेचाळीस मुलं, एक शिक्षक. तिथला नळ कोण सैल करणार? डब्याचा कोपरा कोण उचलणार? पोरगी भर वर्गात बंद डबा घेऊन बसेल, मग चिडेल, मग डबा फेकेल, आणि महिन्याभरात लोक म्हणतील ही मुलगी शाळेत चालणारी नव्हे. हे सगळं मावशींना दुपारच्या सुट्टीइतकं स्पष्ट दिसलं. आणि हेही दिसलं, की ही खाई कुणी खणली. एकतीस खुणा, सगळ्या त्यांच्या हाताच्या.

त्यांनी आईला "छान" म्हणून वाटेला लावलं नाही. चटईवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. नळाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, काजाचं सांगितलं. आई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं एकेक काहीतरी विझत होतं.

"म्हणजे ती काहीच करत नाही?" तिने शेवटी विचारलं.

"करते. पण मी काय करते, ते मी कधी लिहिलंच नाही."

आई चिडली, आणि तिने चिडायलाच हवं होतं. तीन वर्षं ती त्या कागदाच्या जोरावर नातेवाइकांत मान वर करून चालत होती, असं ती म्हणाली. मावशींनी एका शब्दाने स्वतःची बाजू घेतली नाही. एरवी चहा थंड असला तरी वाद घालणारी ही बाई, त्या दिवशी मान खाली घालून ऐकत राहिली.

शिक्षिका तरुण होती, मनाने चांगली होती आणि घाबरली होती, कारण खाली सह्या तिच्या होत्या. पालकांना पंधरा दिवसांत हरकत घेता येते, हे तिनेच सांगितलं. मग आवाज खाली आणून तिने एक सोपा मार्गही सुचवला. हल्ली दोन महिन्यांत मुलगी जरा मागे पडली आहे, असं लिहून देऊ. जुन्या नोंदींना धक्का नाही, मदतनीसही राहील, कुणाला काही विचारायला नको.

"पोरगी मागे गेली असं लिहायचं? चूक माझी आणि शिक्का तिच्यावर? नाही बाई, ते जमणार नाही."

विषय तिथेच मिटला. मावशींचं असं असे. चूक कबूल करतानाही त्यांचा आवाज समोरच्याला दरडावल्यासारखा लागे. आईच्या नावाने त्यांनी हरकतीचा अर्ज लिहायला घेतला आणि त्यात स्वतःबद्दल सरळ लिहिलं, की नोंदी करताना मदतनीसाने आपली मदत मोजलेली नाही, तरी अधिकाऱ्यांनी येऊन मुलीचा एक दिवस प्रत्यक्ष बघावा. त्या दिवशी मदतनीस हात लावणार नाही. आईने तो अर्ज तीनदा वाचला आणि कार्यालयात नेऊन दिला.

आठव्या दिवशी विभागाच्या अधिकारी आल्या. चष्म्याची दोरी गळ्यात, हातात कोरा तक्ता, बोलणं मोजकं. तुमच्या नोंदपुस्तकात हा शेरा जाईल, असं त्यांनी मावशींना आधीच सांगून टाकलं. मावशी म्हणाल्या, जाऊ दे. आई कामावरून सुट्टी काढून आली होती. मावशींनी खिडकीपाशी खुर्ची ओढली, दोन्ही हात एप्रनच्या खिशांत घातले आणि बसल्या.

एकोणीस वर्षांत इतकं जड काम त्यांनी केलं नव्हतं.

भिंगरी आली, गिरकी घेतली आणि दप्तर खुंटीला लावायला गेली. पडलं. पुन्हा पडलं. मावशींची बोटं खिशात वळवळायला लागली. तिसऱ्यांदा पडलं. चौथ्यांदा तिने पट्टा दातांत धरला, उजव्या हाताने खालून रेटा दिला आणि दप्तर अडकलं. हे दातांचं प्रकरण मावशींनी जन्मात पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून, पट्टा पहिल्याच खेपेला त्याच सरळ करून देत आल्या होत्या. अधिकाऱ्यांनी "स्वतः"खाली खूण केली.

पण पुढे उतार लागला. नळ फिरला नाही. डबा उघडला नाही, शिक्षिकेने उघडून दिला. वहीची तीन पानं एकदम उलटली. खुणा सरकत "मदतीने"कडे गेल्या, कधी "अजून नाही"कडेही गेल्या. भिंगरी दर वेळी खिडकीकडे बघे, आणि खिडकीत बसलेल्या मावशी मैदानाच्या अर्ध्या भागाकडे बघत. आईच्याने ते बघवेना. ती दोनदा उठायला गेली.

"बस. उठू नकोस," मावशी पुटपुटल्या. ते कुणाला म्हणाल्या, आईला की स्वतःच्या हातांना, ते त्यांनाच ठाऊक.

दुपारी चित्रकला. भिंगरीने कोट अंगात चढवला आणि पहिल्या बटणाशी झुंज घेतली. बटण काजापर्यंत जाई आणि घसरे. तिचे कान लाल झाले. आता काहीतरी फेकणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, कारण रंगांची डबी हाताच्या अंतरावर होती. तिने डबीकडे पाहिलं. मग ती वळली आणि गिरकी न घेता सरळ चालत खिडकीपाशी आली.

तिने मावशींच्या खिशाकडे बघितलं. चांगल्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. मावशींनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. हात बाहेर आला. भिंगरीने त्या हाताचा अंगठा निवडला, बाकीची बोटं बाजूला सारली आणि अंगठा नेऊन बरोबर काजाच्या कडेला टेकवला.

"इथे," ती म्हणाली.

मग तिने बटण आत ढकललं, आणि मावशींचा हात, काम झालेली वस्तू जागेवर ठेवावी तसा, परत खिशात घातला.

मावशींना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, लपवलं नाही. पोरीला सगळं ठाऊक होतं. कोणता हात, कोणतं बोट, कुठे आणि किती, तीन वर्षं तिने नीट पाहून ठेवलं होतं. फक्त मागायची पाळी तिच्यावर कधी कुणी येऊच दिली नव्हती. मावशींचे हात इतक्या घाईने पुढे होत, की तिच्या तोंडातला हा शब्द तोंडातच राहत आला होता.

अधिकारी चष्मा लावून तक्त्यात काहीतरी शोधत होत्या. अडतिसाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं: गरज ओळखून मदत मागणं. जुन्या तक्त्यांवर तिन्ही वर्षं त्या ओळीपुढे "अजून नाही" अशी खूण होती. त्यांनी विचारलं, ही मुलगी आजवर मदत मागत नव्हती का? मावशी नाक पुसून म्हणाल्या, मी मागू देत नव्हते.

अधिकाऱ्यांनी "स्वतः"खाली खूण केली आणि पेन जरा दाबूनच केली. मग त्यांनी बेरीज मांडली. स्वतः, बारा. मदतीने, एकोणीस. अजून नाही, नऊ. शाळा सुटताना त्यांनी निर्णय सांगितला. मुलीला मदत मागता येते, म्हणून भिंगरी वरच्या वर्गात बसेल, मदतनीस तिच्याबरोबर राहील, आणि यापुढे प्रत्येक "मदतीने"पुढे काय मदत केली ते लिहिलं जाईल. काज धरलं असेल तर काज धरलं, असंच. मावशींवरचा शेरा मात्र राहील, हेही त्या न विसरता म्हणाल्या. मावशींनी मान डोलावली. शेरा त्यांना पटला होता.

पालकांच्या सहीसाठी तक्ता आईसमोर आला. तिने तो वरून खाली वाचला, मग पुन्हा वरून खाली. जुन्या कागदावरचे एकतीस तिला पाठ होते. तिने बारा खुणांवरून एकेक करत बोट फिरवलं आणि वर बघितलं.

"हे बारा खरे आहेत ना, मावशी?"

"खरे आहेत. मी हात लावलेला नाही."

मग तिने पेन मागितलं आणि सही केली.