गुडघ्यावरचा ठेका

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कारखान्यात एक डच इंजिनिअर होता. बोलताना त्याची दोन बोटं सतत टेबलावर ताल धरत. तरुणपणी तो एका सुरेल रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बँड जेमतेम दोन वर्षं टिकला. एक रेकॉर्ड निघाली आणि मग गायक नि गिटारवाला भांडले. आमच्याकडे जेवायला आला की तो ही हकीकत सांगे.

"रेकॉर्ड किती खपली?" मी एकदा विचारलं.

"माझ्या आईने दोन घेतल्या," तो म्हणाला.

आखाती युद्ध पेटलं तेव्हा विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीने कंपनीने गॅस मास्क फक्त कर्मचाऱ्यांना दिले, कुटुंबांना नाही. माझा मी बायकोला दिला. मुलीसाठी कुठे मिळेना. एका संध्याकाळी तो स्वतःचा मास्क घेऊन आला आणि तिच्या डोक्यामागे पट्टे आवळू लागला, तोच सायरन वाजला. फटींना चिकटपट्टी लावलेल्या खोलीत आम्ही चौघे बसलो. त्याला नि मला मास्क नव्हते.

मुलीने त्याची बाही ओढली. "अंकल, तुमचं गाणं वाजवा ना," ती म्हणाली.

त्याने गुडघ्यावर ठेका धरला. त्याची बोटं चालताहेत तोवर हवा ठीक आहे, असं मी धरून चाललो होतो. अचानक बोटं थांबली. मी त्याचा हात धरला.

"हे गाणं इथे संपतं," तो म्हणाला.

"मग दुसरं घे," मी म्हणालो. "थांबू नकोस."