कुत्रा क्रमांक दोन

गोफूर-अकांबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची माहिती किती? दीड वर्ष आमच्या खाटा एका खोलीत होत्या, मधे फक्त एक तिवई. तरी त्यांना मुलं होती की नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही. एकदा म्हणाले, मुलगी अंग्रेनला असते. एकदा म्हणाले, छे, ती पुतणी. तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही. ज्याला असं विचारता येतं, त्याने हे लिहायला हवं होतं. पण आमच्या वृद्धाश्रमात विचारणारे पुष्कळ, लिहिणारं कुणी नाही.

एवढं नक्की ठाऊक आहे, की कोकंदच्या जुन्या बाजारातल्या चहाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं समोवार सांभाळला आणि साठ वर्षं लावे पाळले. अंगणात नव्हे, बाहीत. आमच्याकडचे शौकीन लावा पक्षी चापानच्या, म्हणजे जाड अंगरख्याच्या, लांब बाहीत घेऊन हिंडतात, गप्पा मारताना आत हाताने त्याला कुरवाळत राहतात. वसंतात तो पिंजऱ्यातून साद घालायला लागला की मालकाची मान ताठ.

"बायको म्हणाली, या घरात एक तर मी राहीन, नाहीतर लावे," अका सांगायचे. "मी विचारलं, सगळे लावे?"

आणि स्वतःच इतके हसायचे की खोकल्याची उबळ यायची. त्या बाई राहिल्या की गेल्या, हेही मला माहीत नाही.

मी भूमापन कचेरीत नकाशे काढायचो. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोटं अर्धवट मिटलेली राहिली, न दिसणारी प्याली धरल्यासारखी. म्हणून मी इथे आलो. पहिल्याच दिवशी मी त्यांना 'अका', म्हणजे दादा, म्हणालो आणि त्यांनी मला 'मिर्झा' म्हणायला सुरुवात केली. मिर्झा म्हणजे लेखनिक. माझ्या हाताकडे बघून म्हणायचे, हे विशेष.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने नुकताच जाळ्यात सापडलेला रानलावा आणून दिला, टोपीखाली लपवून. आश्रमात पशुपक्ष्यांना सक्त बंदी. आमच्या मुख्य डॉक्टर दिलोरामबाई तरुण आहेत, मनाने चांगल्या आहेत, पण नियम म्हणजे नियम. पक्षी दिसला असता तर त्याच दिवशी बाहेर गेला असता.

रानलाव्याचं असं असतं, की त्याला माणसाळवावं लागतं. तासन् तास मुठीत धरून बसायचं, पाय बोटांमधून खाली, डोकं अंगठ्याजवळून बाहेर. हाताची सवय झाली नाही तर तो पिंजऱ्याच्या जाळीवर डोकं आपटून आपटून मरतो. आणि अकांचे हात तर कापायला लागलेले. प्याली ओठांपर्यंत पोचेतो अर्धा चहा दाढीत. त्यांनी मूठ वळली की लावा आणखीच बिथरायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर रक्त दिसलं.

अका खाटेच्या कडेवर बसून राहिले. म्हणाले, "साठ वर्षांत एकही माझ्या हातून असा गेला नाही. हा जाणार. आणि हा माझा शेवटचा. याची साद ऐकायची होती रे मला."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो, "सोडून देऊ या का?"

"आता? याचे सगळे भाऊबंद हिंदुस्तानात पोचलेसुद्धा. हा एकटा काय वाट विचारत जाणार आहे?" मग ते माझ्या मांडीकडे बघत राहिले. "मिर्झा, तो हात इकडे कर."

"हा? हा मेलाय, अका."

"म्हणूनच. माझे हात म्हणजे भूकंप. अख्ख्या आश्रमात इतका शांत हात दुसरा नाही."

आणि त्यांनी लावा माझ्या अर्धवट मिटलेल्या मुठीत बसवला. बोटं त्यानेच बनवून घेतल्यासारखी त्याच्या अंगाला बसली.

"दाबू नको हं."

"मला दाबता येत नाही."

"मग सोडूही नको."

"सोडताही येत नाही."

"वा! साठ वर्षं मी ज्यासाठी घालवली, ते तुला झटक्यात जमलं."

असा विनोद दुसऱ्या कुणी केला असता तर मी आठ दिवस बोललो नसतो. पण त्या वेळी माझं लक्ष हाताकडे होतं. दोन-तीन दिवस काहीच कळलं नाही. मग एका दुपारी तळव्यात काहीतरी भराभर वाजतंय असं वाटलं. लाव्याचं काळीज. झटक्यानंतर त्या हाताला कळलेली ती पहिली गोष्ट.

हिवाळाभर मी बाहीत हात घालून बसलो. अका समोर बसून दोघांनाही शिकवायचे, आणि जास्त बोलणी मला बसायची. "त्याचा पाय अवघडलाय, जरा करंगळी बाजूला घे. घे की! मिर्झा, नकाशात नदी वळवायचास ना, मग करंगळी वळव." करंगळी वळायची नाही. एक दिवस वळली.

"मी नाही हलवली," मी म्हणालो.

"मग त्याने हलवली असेल. पण हलली."

फेब्रुवारीत दिलोरामबाई ताश्कंदहून काही शिकून आल्या. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सांगू लागल्या, की प्राण्यांच्या सहवासात म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब उतरतो, एकटेपणा कमी होतो, सुस्तावलेले अवयव हलायला लागतात. आम्ही माना डोलावल्या. मग त्यांनी दार उघडलं आणि पांढरा, वासराएवढा कुत्रा आत सोडला. त्याचं नाव बारोन.

वीस म्हाताऱ्यांनी एकदम पाय खुर्चीवर घेतले. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत असं कागदोपत्री होतं, त्यांनीसुद्धा.

"पोरी, नमाजाची वेळ झालीय, वजू करून, हातपाय धुऊन बसलोय, कुत्र्याचं नाक लागलं की पुन्हा धुवावे लागतील," एकजण कळवळून म्हणाला. "मांजर तरी आणायचीस!"

बाईंचा चेहरा उतरला. कारण पुढच्याच गुरुवारी कुत्र्याचा गुण बघायला ताश्कंदहून समिती यायची होती.

समिती आली. तीन माणसं, त्यांतले प्रमुख जाडे, चष्मेवाले. आम्ही भिंतीला ओळीने बसलो. लाव्याला खोलीत एकटं ठेवलं की तो धडपड करायचा, आवाज बाहेर यायचा. म्हणून तो माझ्या बाहीतच होता. बारोन एकेकाला हुंगत निघाला, एकेकाचे पाय वर जात राहिले. माझ्यापाशी येऊन तो थांबला. शेपटी थांबली. आणि त्याने आपलं ओलं नाक सरळ माझ्या बाहीत घातलं.

पुढे काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मला एवढंच वाटलं, की याला वाचवलं पाहिजे. भानावर आलो तेव्हा माझा उजवा हात डोक्याच्या वर होता.

"बघितलंत!" दिलोरामबाई ओरडल्याच. "दीड वर्ष या माणसाने हा हात उचललेला नाही! बारोनने करून दाखवलं!"

टाळ्या झाल्या. समितीतल्या एकाने भराभर लिहून घेतलं. बारोनला बिस्कीट मिळालं. मी तसाच बसून राहिलो, कारण हात खाली कसा आणायचा ते मला येत नव्हतं. वरून काहीतरी ओलं, कोमट माझ्या कानावर पडलं.

गप्प बसलो तर पक्षी वाचतो, हे अकांना माझ्याइतकंच कळत होतं. त्यांनी अर्धा मिनिट दम धरला. मग उठले.

"कुत्रा? कसला कुत्रा! पाच महिने खपतंय कोण आणि बिस्कीट खातंय कोण?"

"अका, बसा," मी पुटपुटलो.

"नाही बसत!" त्यांनी माझी बाही खाली ओढली. मुठीतून लाव्याचं डोकं बाहेर आलेलं, डोळे वटारलेले.

दिलोरामबाई हळूच म्हणाल्या, "गोफूर-अका, हे काय आहे?"

"औषध."

"आणि बंदी आहे ते?"

अकांना आपण काय केलं ते तेव्हा कळलं असावं. ते माझ्या खुर्चीला धरून उभे राहिले.

प्रमुखांनी चष्मा काढला, जवळ आले, वाकून बघितलं. "गव्हात सापडलेला, की लसूणघासातला?"

"लसूणघासातला," अका म्हणाले.

"साद?"

"अजून नाही. वसंतात घालेल. तोवर राहू दिलात तर."

प्रमुखांनी एका बोटाच्या मागच्या बाजूने लाव्याच्या डोक्यावर हात फिरवला. नवख्या माणसाला हे सुचत नाही. "नव्या नियमात फक्त कुत्रा आहे," ते म्हणाले. थोडा विचार केला आणि लिहिणाऱ्याकडे वळले. "लिही. कुत्रा क्रमांक दोन."

"वजन?"

"शंभर ग्रॅम."

"जात, साहेब?"

"लहान."

तेव्हापासून दोन्ही कुत्रे कामाला लागले. बारोन गुरुवारी यायचा, लावा रोज. खोलीबाहेर रांग लागायची. दिलोरामबाई लावा हातात द्यायच्या आधी रक्तदाब मोजायच्या, मग पुन्हा मोजायच्या. रागीट सोबिर-अकांचा दहाने उतरला. "शंभर ग्रॅमला दहा," अका मला म्हणाले. "बारोन चाळीस किलोचा आहे. त्याच्याने किती उतरायला हवा, तू हिशोबी माणूस, सांग!" बारोनला ते असं येताजाता घालूनपाडून बोलायचे. पण नानचा एक तुकडा दर बुधवारी त्यांच्या उशाखाली असायचा, तो कुणासाठी ते मी विचारलं नाही.

एप्रिलच्या एका सकाळी मी उजव्या हाताने, पोरासारखा सांडत, लापशी खात होतो. वाळलेला भोपळा कोरून केलेल्या पिंजऱ्यातून आवाज आला. पित-पिल्दिक! पित-पिल्दिक! पित-पिल्दिक! मग बंद.

अका खाटेवर उठून बसले होते. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील.

"तीनच?" ते म्हणाले.

"पहिलीच वेळ आहे, अका."

"माझ्या चहाखान्यातले एका दमात बारा घालायचे. तीन म्हणजे काय, दार वाजवणं झालं." त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांना सात सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली खाट खिडकीशी घेतली, आणि पहाटे माझ्या आधी जागे असायचे.

मे महिन्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. मोठ्या इस्पितळाची गाडी आली तेव्हा ते धाप लागून आवारातल्या बाकावर बसले होते. मी पिंजरा घेऊन गेलो. ते इस्पितळातून परत आले नाहीत, पण तेव्हा ते आम्हाला कुठे माहीत होतं? त्यांनी पिंजऱ्यात डोकावून बघितलं.

"आज किती?"

"पाच."

"मला चारच ऐकू आल्या."

"तुम्ही खोकत होतात."

"बरं. दुपारी उन्हात टांगू नको."

"नाही टांगत."